लातिन्काची गोळी, वेलिकोची साखर

लातिन्का कंचेवाने आयुष्यभर गोळ्याच केल्या. गोर्ना ओर्याहोवित्सा गावातल्या मिठाईच्या कारखान्यात, पाकाच्या कढईपाशी, ती पोरसवदा वयात उभी राहिली ती निवृत्त होऊनच खाली बसली. लिंबाच्या गोळ्या, पुदिन्याच्या गोळ्या, आत जर्दाळूचा मुरंबा भरलेल्या गोळ्या. दिवसभर पाक चाखायचा, घरी येऊन कॉफीत तीन चमचे साखर ढवळायची आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचं, "आज जरा फिकीच झालीय." एवढं करून तिच्या रक्तात जास्तीची साखर औषधालासुद्धा नव्हती.

साखर झाली ती नवऱ्याला. वेलिको रेल्वेत डबे जोडायच्या-तोडायच्या कामावर होता. त्याचं खाणं म्हणजे खारट चीज, तिखट मिरची आणि घरी गाळलेली फळांची दारू, राकिया. गोडातलं त्याला एकच आवडायचं, तिळाचा हलवा, तोही सणासुदीला. तरी पन्नाशी ओलांडताच डॉक्टरांनी त्याला मधुमेह सांगितला आणि सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी लावून दिली.

"तूच आणलीस," तो बायकोला म्हणायचा. "रोज कपड्यांवर साखर घेऊन यायचीस. झोपेत शिरली माझ्यात."

"मग माझ्यात का नाही शिरली?"

"चोराच्या घरी चोरी होते का?"

अशी त्यांची तीस-पस्तीस वर्षं बरी चालली होती. मग एका शरद ऋतूत, बागेतली द्राक्षं उतरवताना, हात वर केल्यावर लातिन्काला डाव्या छातीत काहीतरी टोचल्यासारखं झालं. हेझलनटएवढी गाठ निघाली. जवळच्या तर्नोवो शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले. गाठ लवकर सापडली, काखेपर्यंत काही पोचलेलं नाही, असं डॉक्टर कालोफेरोवा म्हणाली. ही तरुण डॉक्टरीण भराभर बोलायची आणि बोलताना सारखा चष्मा पुसायची. सगळं आटोपल्यावर, वसंतात, तिने लातिन्काला समोर बसवलं.

"मावशी, एक मोठा प्रयोग चालू आहे. मधुमेहाचं औषध घेणाऱ्या बायकांमध्ये हा आजार कमी वेळा परत येतो, असं काही डॉक्टरांना दिसलंय. पण ते खरंच औषधामुळे, की नुसता भास, ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून मधुमेह नसलेल्या बायकांना ती गोळी देऊन बघायची. अर्ध्या जणींना खरी, अर्ध्या जणींना खोटी."

"खोटी म्हणजे?"

"दिसायला हुबेहूब तशीच. आत औषध नाही."

"मला कुठली?"

"मला माहीत नाही."

"मग कोणाला माहीत?"

"परदेशात एक कॉम्प्युटर आहे, त्याला."

"आणि तो सांगत नाही?"

"प्रयोग संपेपर्यंत नाही. मलासुद्धा कळता कामा नये, तुम्हालाही नाही. तरच उत्तर खरं येतं."

लातिन्काला हे अजब वाटलं. आत काय भरलंय ते माहीत नाही अशी एकही गोळी आजवर तिच्या हातून गेलेली नव्हती. पण कॉरिडॉरमध्ये रांगेत बसलेल्या, डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या पोरी तिला आठवल्या. "माझं काय जातंय?" ती म्हणाली. "मागून येणाऱ्यांना तरी कळेल." आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली पिशवीत टाकून ती बसने घरी आली.

वेलिकोला हे कळलं तेव्हा तो टोमॅटो चिरत होता. सुरी त्याने तशीच हवेत धरली.

"माझी गोळी?"

"तुझी नाही. तसलीच."

"मेटफॉर्मिन माझी गोळी आहे! दहा वर्षं बोटं टोचून घेतली, भाकरीवर नजर ठेवली, तेव्हा ती मला मिळाली. आणि तू रक्तात एक कण साखर नसताना थेट जाऊन घेऊन आलीस?"

"अर्ध्या जणींना खोटी देतात. माझी कदाचित खोटी असेल."

"म्हणजे वर अपमान!" वेलिको म्हणाला. आपला अपमान झाला की बायकोचा, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

गोर्नात बातमी पसरायला एक बेकरी पुरते. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं की बिचाऱ्या लातिन्काला कॅन्सरपाठोपाठ साखरही झाली. ती प्रत्येकाला थांबवून समजावून सांगायची, आणि प्रत्येक जण हळहळून तिचा दंड थोपटायचा. साखर नसलेल्या माणसाला साखरेची गोळी कोण देईल? सेंट जॉर्जच्या दिवशी नणंदेच्या घरी कोकराचं जेवण झालं आणि गोडाची ताटं आली. नणंद गिन्का म्हणजे वेलिकोची धाकटी बहीण, गल्लीतलं कुठलंही प्रकरण आपल्या अंगावर घेणारी बाई. तिने सगळ्यांना बाकलावा वाढला आणि लातिन्कापुढे काकडीच्या चकत्या ठेवल्या.

"अगं, मला साखर नाहीये!"

"हो वहिनी, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

समोर वेलिको, ज्याला खरोखर साखर होती, बाकलाव्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकत होता. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळ्यांची नजर लातिन्काच्या हातावर.

पण गोळी खरी की खोटी, हा किडा गल्लीच्या डोक्यातून जाईना. शेवटी गिन्कानेच तोडगा काढला. शेजारी मिंचो राहायचा. ल्यास्कोवेत्सच्या वाइनच्या तळघरात त्याचा जन्म चाखण्यात गेला होता. बॅरल उघडायच्या आधी तो नुसता नळीला नाक लावायचा आणि द्राक्षं टेकडीच्या कुठल्या बाजूची ते सांगायचा. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याने आधी राकिया चाखल्याशिवाय लागत नसे.

जूनच्या एका दुपारी लातिन्काच्या अंगणात, द्राक्षवेलीच्या मांडवाखाली, टेबलावर पांढरा कपडा अंथरला गेला. एका बशीत वेलिकोची गोळी, दुसऱ्या बशीत लातिन्काची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही लांबट, शेजारी ठेवल्या तर आईलाही ओळखू येऊ नयेत अशा. मिंचोने ब्रेडचा तुकडा खाऊन जीभ साफ केली, चूळ भरली, डोळे मिटले.

"बोलू नका कोणी," गिन्का म्हणाली, जरी बोलत फक्त तीच होती.

पहिली गोळी त्याने दाताने फोडली आणि जिभेवर घोळवली. बराच वेळ गेला.

"सुरुवातीला कथिल," तो म्हणाला. "मग गंजलेला खिळा. आणि शेवटी, मागून, हळूच... दान्यूबचा मासा. कालचा नाही, परवाचा."

"माझी!" वेलिको आनंदाने ओरडला. "अगदी अस्साच लागतो! दहा वर्षं मला शब्द सापडत नव्हते!"

दुसरी गोळी. मिंचोच्या कपाळावर आठी पडली. त्याने पुन्हा चूळ भरली, उरलेला अर्धा तुकडा जिभेवर ठेवला.

"शाळा," तो म्हणाला.

"काय शाळा?"

"फळा पुसल्यावर वर्गात जी धूळ उडते ना, ती. खडू आहे, लातिन्का. मासा नाही, खिळा नाही. खोटी आहे तुझी."

गिन्काने पांढरा कपडा उगाच सरळ केला. लातिन्का हसली, म्हणाली, "असू दे की! कोणाला तरी खोटी मिळणारच," आणि बशा उचलून आत गेली. आत गेल्यावर मात्र तिला वाईट वाटलं, आणि राग कोणावर काढावा ते समजेना. डॉक्टरणीवर काढावा तर तिला माहीत नाही. कॉम्प्युटरवर काढावा तर तो परदेशात. तिने नळ मोठा सोडून बशा घासल्या. वेलिको दारात उभा राहून बघत होता. मग पुढे होऊन त्याने बशा फडक्याने पुसल्या, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

आठवडा गेला असेल-नसेल आणि लातिन्काचं पोट बिघडलं. साधंसुधं नव्हे. अंगणातून घरात आणि घरातून पुन्हा मागच्या बाजूला, अशी तिची धावपळ सुरू झाली. तोंडात सारखी पत्र्याची चव. गिन्काला कळताच ती फाटकातून हात जोडतच आत शिरली.

"पोट बिघडलं? देव पावला गं बाई! वेलिकोचंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. खरी आहे तुझी, खरी!"

तर्नोवोला डॉक्टर कालोफेरोवाने ऐकून चष्मा पुसला. "खऱ्या गोळीने असं होतं, मावशी. पण खोटीनेही होतं."

"खोटीने कसं होईल?"

"माणसाला वाटलं की होतं."

"मला वाटत वगैरे काही नाही, डॉक्टर. मी धावते."

त्या रविवारी लातिन्काने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पोट बिघडल्याबद्दल मेणबत्ती लावणारी गोर्नातली ती पहिलीच बाई असावी. ती धावायची, घामाघूम होऊन परतायची आणि चेहऱ्यावर समाधान असायचं. आत काहीतरी काम चाललंय, असं तिला वाटे.

वाताहत झाली ती मिंचोची. "शाळा" हे नाव त्याला चिकटलं. लोक त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून विचारायचे, "मिंचोभाऊ, सांग बघू, टेकडीच्या कुठल्या बाजूचं?" दोन लग्नं त्याने राकिया न चाखताच लागली. त्याने चाखणं सोडलं, गळ घेतला आणि नदीवर जाऊन बसू लागला.

हिवाळ्यात वेलिकोची साखर वाढली. मग आणखी वाढली. मधुमेहाचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "गोळ्या नीट घेता ना?"

"माझ्यासमोर गिळतो," लातिन्का म्हणाली. आणि ते खरंच होतं. रोज सकाळी तो गोळी जिभेवर ठेवायचा, पाणी प्यायचा आणि पोरासारखा तोंड उघडून दाखवायचा.

"मग खाण्यात काहीतरी आहे. पथ्य करा, नाहीतर इंजेक्शन लावावं लागेल."

"हलवा," वेलिकोने मान खाली घातली. "चोरून खातो मी."

इतक्या चटकन त्याने आजवर कुठलाच गुन्हा कबूल केला नव्हता. लातिन्काने रस्ताभर त्याला फैलावर घेतलं. घरी येऊन तिने मुरंब्याच्या कपाटाला कुलूप लावलं. गिन्काने गल्लीत पहारा बसवला. बेकरीवाली त्याला पावाशिवाय काही देईना. पेपरच्या टपरीवरची बाई त्याच्या खिशांकडे संशयाने बघे. वेलिकोने सगळं सोसलं. आणि साखर वाढतच राहिली.

"हलवा कुठून येतो?" लातिन्का विचारायची.

"मिळतो कुठेतरी," वेलिको म्हणायचा.

हे "कुठेतरी" तिच्या मनात घर करून बसलं. रोज दुपारी तो तासन्तास बाहेर असायचा. स्टेशनच्या रस्त्यावर त्सोन्का नावाची विधवा राहायची. तिच्या बाकलाव्याची कीर्ती लातिन्काच्या कारखान्यापर्यंत पोचलेली होती. लातिन्काला वाटलं, हे गणित सुटलं. छातीवर व्रण घेऊन, चाळिशीतल्या विधवेशी बाकलाव्याच्या मैदानात लढायची तिची तयारी नव्हती, पण डोळ्यांनी बघायचं होतं. एके दुपारी डोक्याला रुमाल बांधून ती नवऱ्याच्या मागोमाग निघाली.

वेलिको त्सोन्काच्या फाटकासमोरून गेला, पण त्याने तिकडे वळूनही पाहिलं नाही. तो स्टेशनवर गेला, बाकावर बसला आणि सूर्यफुलाच्या बिया सोलू लागला. मालगाडी आली की चालकाला हात करायचा. लातिन्का वेळापत्रकाच्या फळ्यामागे उभी. एक जुना सोबती येऊन शेजारी बसला, त्याने तीळ लावलेली गोड पोळी पुढे केली.

"नको रे," वेलिको म्हणाला. "साखर आहे मला."

लातिन्का उलट्या पावली घरी आली. संशय खोटा ठरला तर बाईला बरं वाटायला हवं. तिला भीती वाटली. खात नाही, तर वाढते कशी?

पुढच्या शरद ऋतूत उत्तर मिळालं, पण फार वाकड्या वाटेने. लातिन्कानेच आणलेल्या नव्या बुटात आतून एक खिळा वर आला होता. साखरेने बधिर झालेल्या वेलिकोच्या पायाला तो कळलाच नाही. मोजा लाल झालेला गिन्काने पाहिला, तोवर करंगळी काळी पडली होती. गोर्नाच्या इस्पितळात डॉक्टरांनी ती काढून टाकली, आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं.

तो तिथे असताना दोन गोष्टी घडल्या. इस्पितळात नर्स स्वतःच्या हाताने त्याला गोळी द्यायची, जेवण तर घरच्यापेक्षा गोडसर असायचं, आणि तरी दोन-चार दिवसांत त्याची साखर उतरायला लागली. आणि घरी लातिन्काचं पोट शांत झालं. एकदम. तोंडातली पत्र्याची चवही गेली. आधी तिला धस्स झालं. औषध अंगाला लागेनासं झालं की काय? मग तिच्या लक्षात आलं की तर्नोवोहून आणलेली नवी बाटली तिने नेमकी वेलिको इस्पितळात गेल्यावर उघडली होती. जुन्या बाटलीच्या तळाशी एक गोळी राहिली होती. तिने ती दाताने फोडली. कथिल. खिळा. मासा. मग नव्या बाटलीतली फोडली. फळ्यावरची धूळ.

मग ती मागच्या खोपटात गेली. वेलिको आपल्या गोळ्या पाकिटातून काढून लोकुम मिठाईच्या एका रिकाम्या डब्यात ठेवायचा. म्हणायचा, पाकीट फोडताना नखं दुखतात. डब्यातली एक तिने चावली. धूळ.

वॉर्डात तिने खुर्ची ओढली ती इतक्या जोराने, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"वेलिको, मासा मी खाल्ला आणि खडू तू खाल्लास. किती दिवस?"

वेलिकोने खिडकीकडे पाहिलं. "मिंचो म्हणाला ना, तुझी खोटी आहे म्हणून."

"म्हणून? मिंचोच्या जिभेच्या भरवशावर तू पायाचं बोट घालवलंस?"

"करंगळीच आहे. तिचं मला तसंही काही काम नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतल्या असत्यास?"

"नसत्या घेतल्या!"

"मग?"

"बरोबर बोलतोय तो," शेजारचा म्हातारा म्हणाला.

"तुम्ही झोपा!" लातिन्का त्याच्यावर खेकसली. पण आवाज अर्ध्यात फाटला. "अरे, मी तुला हलव्यावरून काय काय बोलले. कपाटाला कुलूप लावलं. त्सोन्काच्या..."

"त्सोन्काचं काय?"

"काही नाही. आणि त्या दिवशी माझी गोळी, माझी गोळी म्हणून किती तणतणलास?"

"माझी होती म्हणूनच दिली ना," वेलिको म्हणाला. "दुसऱ्याची कुठून देणार?"

लातिन्काने त्याच्या चादरीत तोंड खुपसलं. ती रडतेय की हसतेय हे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

गिन्काने मात्र या सगळ्यातून वेगळंच काम उचललं. भावाची करंगळी तिने इस्पितळातून मागून आणली. शेवटच्या दिवशी माणूस कबरीतून उठेल तो पुरा उठला पाहिजे, असं तिचं म्हणणं. फादर एवतिमींनी दाढी कुरवाळली. पूर्ण पाय असता तर दोन शब्द म्हटले असते, पण करंगळीसाठी प्रार्थना त्यांना माहीत नव्हती. शेवटी त्यांनी "तिच्या मालकाच्या आरोग्यासाठी" प्रार्थना म्हटली. करंगळी कुटुंबाच्या थडग्यात, वेलिकोच्या आईशेजारी गेली. गिन्काने मयताच्या रीतीप्रमाणे उकडलेला गहू केला, वर साखरेचा जाड थर पसरला. सगळ्यांनी खाल्ला. ज्याची करंगळी होती तो कुबड्या टेकून उपाशी उभा होता.

डॉक्टर कालोफेरोवाला सांगायलाच हवं होतं. वेलिको म्हणाला, गप्प बस, मला तुरुंगात टाकतील. पण मागून येणाऱ्या बायकांसाठी आपण हो म्हटलं होतं, हे लातिन्काच्या मनातून जाईना. ती तर्नोवोला गेली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर, माझ्या नवऱ्याने आपल्या गोळ्या माझ्या बाटलीत घातल्या, आणि माझ्या खाऊन त्याची साखर..."

"थांबा!" डॉक्टरणीने दोन्ही कान झाकले. "पुढे सांगू नका! त्याची साखर वाढली की नाही ते मला कळलं, तर तुमची गोळी कुठली तेही कळेल. मला कळता कामा नये!"

"पण त्याचं बोट..."

"बोटाचं काय झालं तेही नको!"

"मग काय सांगू?"

डॉक्टरीण विचार करत खोलीभर फिरली. "गोळ्यांची अदलाबदल झाली. एवढंच. वाढलं, उतरलं, काही नाही. कधीपासून?"

"मागच्या जूनपासून."

"शिल्लक गोळ्यांचा हिशेब तर दर वेळी चोख होता."

"रेल्वेतला माणूस आहे. एक डबा काढला की एक जोडतो."

डॉक्टरणीने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलत होते. मग ती गंभीर झाली आणि लेखणी घेऊन बसली. "मला वर कळवावं लागेल. नियम मोडल्याचं कारण विचारतात. काय लिहू?"

लातिन्काने जरा विचार केला. "लिहा, नवरा."

तिच्या गोळ्या बंद झाल्या, पण तपासण्या चालू राहिल्या. डॉक्टरणीच्या कानावर जाऊ नये म्हणून मासा-खडूचं दोघांनी गल्लीत कुणालाच सांगितलं नाही. वेलिकोला आता ती रोज स्वतःच्या हाताने पाकीट फोडून गोळी द्यायची, आणि गिळल्यावर त्याची जीभ उचलून बघायची.

प्रयोग संपायला आणखी काही वर्षं गेली. एका सकाळी डॉक्टर कालोफेरोवाने सगळ्या बायकांना बोलावलं. आता तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं. ती नेहमीपेक्षा हळू बोलली. मधुमेह नसलेल्या बायकांना त्या गोळीने काही फरक पडला नाही. खरी घेणाऱ्या आणि खोटी घेणाऱ्या सारख्याच निघाल्या. ज्यांचा आजार परतला तो दोन्हीकडे तसाच परतला, ज्यांचा नाही परतला त्याही दोन्हीकडे सारख्याच.

मागच्या रांगेतली एक बाई उठली. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच धावले?"

"उगाच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आता पुढच्या बायकांना धावावं लागणार नाही."

लातिन्काला तिने बाजूला घेतलं. कॉम्प्युटरने अखेर तोंड उघडलं होतं: लातिन्काची गोळी पहिल्या दिवसापासून खोटीच होती.

घरी वेलिको अंगणात मिरच्या भाजत होता. लातिन्काने सगळं सांगितलं. धुरात त्याने डोळे बारीक केले.

"म्हणजे खरी घेतली काय आणि खोटी घेतली काय?"

"सारखंच."

"आणि माझी करंगळी?"

"ती गेली."

त्याने एक मिरची उलटली, दुसरी उलटली. "पण तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग झालं," तो म्हणाला. "फक्त मिंचोला सांगू नकोस. डोक्यावर चढून बसेल."

फाटकात उभी राहून हे ऐकणारी गिन्का तोवर नदीकडे निघालीसुद्धा होती. मिंचोने ऐकलं, गळ गुंडाळला, घरी येऊन दाढी केली आणि स्वच्छ सदरा घालून मोठ्या रस्त्यावरून वर-खाली दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या लग्नात त्याच्यापुढे पेला आला तेव्हा त्याने तो सगळ्यांसमोर उन्हात धरून इतका वेळ घेतला की नवरी खुर्ची मागवून बसली.

लातिन्का आता वर्षातून एकदा तपासणीला जाते. वेलिको लंगडत बरोबर येतो आणि कॉरिडॉरमध्ये बसतो. त्याची गोष्ट तिथे त्याच्या आधीच पोचलेली असते. बायका त्याच्या बुटाकडे बघतात, मग आपापल्या नवऱ्यांकडे बघतात, आणि नवरे पेपरमध्ये डोकं घालतात. परवाच्या खेपेला पावलिकेनी गावचा एक धिप्पाड गृहस्थ त्याच्या शेजारी येऊन बसला आणि कुजबुजला.

"दादा, तुम्हीच ना ते? बोटवाले?"

"मीच."

"माझ्या बायकोला जरा सांगा हो, की चुकून झालं. गोळ्या मिसळल्या म्हणावं. तुमच्यामुळे माझ्या घरी मला बसू देत नाहीत. मला तर साखरही नाही! मी काय देणार तिला?"

वेलिकोने त्याला नीट न्याहाळलं, पायापासून पोटापर्यंत.

"काही दुखत-खुपत नाही तुला? काहीच नाही?"

"गुडघा थोडा."

"मग गुडघ्यापासून सुरू कर," वेलिको म्हणाला. लातिन्काने त्याच्या बरगडीत कोपर मारलं, तेवढ्यात आतून तिच्या नावाची हाक आली, आणि दोघंही उठले.